आमचं पाणी आम्ही आणलंय

केडगावच्या त्या गल्लीत भाऊसाहेबांना मागून ‘टँकर’ म्हणायचे, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. नाव पडायला कारण तसंच होतं. नगरच्या एका सरकारी कचेरीत ते पाणीटंचाईचं टेबल सांभाळायचे. उन्हं तापायला लागली की गावोगावचे अर्ज त्या टेबलावर येऊन पडत, आणि मग पाऊस लागेपर्यंत कुठल्या वाडीला टँकर, कुठली विहीर ताब्यात घ्यायची, यातच माणूस बुडालेला असे. बरं, कचेरीतलं कचेरीत ठेवून घरी यावं, तर तेही नाही. घरात कुणी नळ जरा मोकळा सोडला की आतून आवाज येई, "मोरीत कोण आहे?" स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ करायचे आणि त्यातलंही वाचवलेलं पाणी दारच्या जास्वंदीला घालायचे. त्यांची बायको दीपा म्हणायची, या घरात सुखी कोण असेल तर ती जास्वंद.

अशा माणसानं सहल आखायची म्हटल्यावर काय होणार, याचा अंदाज घरातल्यांना यायला हवा होता. पण शहाण्णव सालच्या त्या मे महिन्यात सगळेच जरा हुरळून गेले होते. या कुटुंबानं सहल अशी कधी केलीच नव्हती. प्रवास म्हणजे कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी माती, नाहीतर डिसेंबरात दादरची चैत्यभूमी. नुसती हवा खायला एसटीत बसायचं, हे भाऊसाहेबांच्या आईला, चांगुणाबाईंना, काही केल्या पटत नव्हतं. "हवा काय केडगावात न्हाई व्हय?" असं त्या येता-जाता विचारायच्या. पण लुगड्यांच्या घड्या घालून पिशवी सगळ्यात आधी त्यांनीच भरली होती.

दीपाच्या मनात महाबळेश्वर होतं. भाऊसाहेबांच्या कचेरीतले एकजण सहकुटुंब जाऊन आले होते आणि त्यांच्या बायकोनं हळदीकुंकवाच्या निमित्तानं सगळ्यांना फोटोंचा अल्बम दाखवला होता. त्यात ती स्वेटर घालून, हातात स्ट्रॉबेरीची डिश घेऊन उभी होती. मे महिन्यात स्वेटर. तो स्वेटर दीपाला झोप लागू देईना.

"मे महिन्यात तिथल्या लोकांनाही पाणी कमीच असतं," भाऊसाहेब म्हणाले. "आणि आपण हॉटेलात उतरून त्यांच्या तोंडचं पाणी शॉवरखाली सांडायचं?"

"मग जायचं कुठं? तुमच्या कचेरीच्या गच्चीवर?"

तोडगा निघाला तो रविवारच्या पुरवणीतून. त्यात एक लेख आला होता. श्रीमंत देशांतली कुटुंबं गरीब देशांत फिरायला जाताना आता आधी विचार करतात म्हणे. तिथल्या माणसांच्या पाण्यावर, सरपणावर आपला भार पडू नये, आपला कचरा त्यांच्या दारात राहू नये, अशी सहल आधीपासून आखतात. भाऊसाहेबांनी तो लेख मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा, नुकतीच आठवीत गेलेली, कान देऊन ऐकत होती. दीपा लसूण सोलत होती.

"गरीब देश म्हंजी कुठला?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"आपलाच, आई."

"मंग आपुन कुनाकडं जायाचं?"

यावर भाऊसाहेब हसले, कारण उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. उंबरवाडीला, रंगनाथकडे.

रंगनाथ म्हणजे अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला राहणारा महादेव कोळी शेतकरी. मागे एका श्रावणात भाऊसाहेब त्या वाडीचा झरा बघायला गेले होते, जीप पायथ्याशी चिखलात रुतली आणि रंगनाथच्या घरी मुक्काम करावा लागला. भाऊसाहेबांची एक सवय होती. अनोळखी घराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकण्याआधी ते सांगून मोकळे व्हायचे, "मी बौद्ध आहे." नंतर कळल्यावर कुणाचं तोंड वाकडं झालेलं बघण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. रंगनाथ तेव्हा चुलीला फुंकर घालत होता. तो मानही न वळवता म्हणाला, "बरं. भात खाताय का नागलीची भाकर?" त्या एका वाक्यावर भाऊसाहेबांचा त्या माणसावर जीव जडला. निघताना रंगनाथची बायको साळूबाई म्हणाली होती, "वैनींना, पोरीला घिऊन या उन्हाळ्यात. पावसाआदी काजवं येत्यात, झाडंच्या झाडं पेटल्यावानी दिसत्यात." तेव्हापासून रंगनाथ राजूरच्या बाजारात कुणी कचेरीतला भेटला की निरोप धाडायचाच, सायबाला म्हनावं कवा येताय.

जायचं ठरलं. अडचण एकच होती, आणि ती भाऊसाहेबांइतकी कुणाला ठाऊक असणार? मे महिन्यात उंबरवाडीचा झरा आटतो. टँकर येतो तो डोंगराच्या पायथ्याशी थांबतो, वर चढायला रस्ता नाही. वाडीतल्या बाया तळाशी खणलेल्या झिऱ्यात वाटी बुडवून हंडा भरतात, आणि खाली डोळ्यांसमोर धरणाचं पाणी पसरलेलं असतं. अशा घरात चार माणसांनी जाऊन बसायचं आणि तांब्यामागून तांब्या रिकामे करायचे, हे भाऊसाहेबांना सहन होण्यासारखं नव्हतं. तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "पिण्याचं पाणी आपण आपलं न्यायचं. शिधाही आपला, स्टोव्हही आपला. त्यांच्या पाण्याचा थेंब आणि सरपणाची काडी आपण वापरायची नाही."

हा विचार चांगलाच होता, त्याबद्दल कुणी काही म्हणू नये. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जी भाऊसाहेबांनी स्वतःलाही कधी नीट सांगितली नव्हती. नेवासा तालुक्यातल्या ज्या गावात ते वाढले, तिथं त्यांची आई विहिरीच्या पायऱ्यांखाली घागर घेऊन थांबायची. कुणी दयेनं वरून ओतलं तर पाणी, नाहीतर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहणं. शाळेत शिपाई उंचावरून तांब्या वाकडा करायचा आणि लहानपणीचे भाऊसाहेब दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून प्यायचे. निम्मं पाणी कोपरावरून सदऱ्यात जायचं. नोकरी लागून केडगावात घर बांधलं तेव्हा भिंतींना गिलावा व्हायच्या आधी त्यांनी नळ घेतला होता. नळाला पहिलं पाणी आलं त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, आपल्या घरातलं माणूस पाण्यासाठी कुणाच्या दारात हात पसरणार नाही. आजवर कुणी पसरला नव्हता.

करडईच्या तेलाचे दोन मोठे रिकामे पांढरे कॅन आणले गेले. दीपानं ते सोड्यानं, राखेनं, मग लिंबानं घासले. तरी वास राहिलाच.

"सहलीला चाललोय की बिऱ्हाड हलवतोय?" स्टोव्ह गोणपाटात बांधताना तिनं विचारलं.

चांगुणाबाईंनी मात्र चेष्टा केली नाही. "भाऊ," त्या म्हणाल्या, "पाव्हन्यानं पानी घिऊन जायाचं, ह्ये म्या कुठं बगितलं न्हाई."

"आई, त्यांच्याकडे थेंब थेंब मोलाचा आहे."

"म्हून तर म्हनते."

भाऊसाहेबांना वाटलं, आई जुन्या वळणाची आहे, तिला टंचाई कळते पण नियोजन कळत नाही. त्यांनी तो विषय तिथंच मिटवला आणि प्रज्ञाची तयारी करून घेतली.

"कुणी पाणी पुढे केलं तर काय म्हणायचं?"

"नको, आमचं पाणी आम्ही आणलंय."

"आणि हसून म्हणायचं. नाहीतर लोकांना वाईट वाटतं."

संगमनेरला गाडी बदलली. कॅन चढवताना कंडक्टरनं अडवलं. "तेल हाय का? सांडलं तर मी जबाबदार न्हाई."

"पाणी आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"अन् कुठं चालले?"

"भंडारदऱ्याला."

कंडक्टरनं तिकीट फाडायचं थांबवून सबंध गाडीकडे वळून बघितलं. "ऐकलं का मंडळी? पाव्हनं धरनाला पानी घालायला चाललेत." गाडी खदाखदा हसली. दीपानं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला. भाऊसाहेबही हसले. आपण काहीतरी चांगलं करतोय आणि जगाला ते अजून उमगलेलं नाही, अशा वेळी माणूस जसा हसतो तसे.

पायथ्याला रंगनाथ वाट बघत उभा होता. अंगात घडी मोडलेला नवा सदरा होता. त्यानं चांगुणाबाईंच्या पायांना हात लावला, प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुणी काही म्हणायच्या आत एक कॅन खांद्यावर आणि एक हातात घेतला.

"लई जड हाय की सायेब. काय हाय ह्याच्यात?"

"वर गेल्यावर सांगतो," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना ती गंमत राखून ठेवायची होती. आपल्या घरच्या पाण्याची एवढी काळजी या शहरातल्या माणसानं केली, हे ऐकून रंगनाथ आणि साळूबाई किती सुखावतील, हे चित्र ते घरून निघाल्यापासून रंगवत होते.

चढ बराच होता. दीपाच्या नव्या चपलेचा अंगठा अर्ध्या वाटेत तुटला. चांगुणाबाई दोनदा बसल्या. रंगनाथ घामानं निथळत पुढे चालला होता, आणि मधून मधून थांबून प्रज्ञाला सांगत होता, हे बेहड्याचं झाड, ह्या करवंदी, आणि त्या खालच्या दरीतल्या झाडांवर काजवे. "आज रात्री दावतो तुला. आमच्या बाईनं चार दिस झालं धोशा लावलाय, पाव्हनं यायाचं, पाव्हनं यायाचं."

घर आलं. अंगण ताजं सारवलेलं होतं, त्यावर बोटांचे गोल उमटलेले होते. पडवीत घोंगडी अंथरलेली, आणि ओट्यावर नवा कोरा लाल माठ, ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. साळूबाई डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. एका हातात घासून लख्ख केलेला पितळी तांब्या होता, दुसऱ्या हातात ताटली आणि तीत गुळाचे खडे. चेहरा असा, की चार दिवस धरून ठेवलेला आनंद आता कुठे ठेवू, हे तिला कळत नव्हतं.

"घ्या सायेब. दमला असाल."

"नको वहिनी," भाऊसाहेब हसून म्हणाले. "आमचं पाणी आम्ही आणलंय." आणि त्यांनी कॅनचं झाकण फिरवून आईसाठी पेला भरला.

साळूबाईचा हात तिथंच थांबला. मग ती प्रज्ञाकडे वळली. "तू तरी घे बाय."

प्रज्ञानं वडलांकडे पाहिलं, गोड हसली आणि शिकवलेलं म्हणून दाखवलं. "नको, आमचं पाणी आम्ही आणलंय."

दीपाच्या घशाला कोरड पडली होती आणि त्या माठातल्या पाण्याचा गारवा तिला बसल्या जागी जाणवत होता. पण नवऱ्यानं सगळ्यांसमोर एक गोष्ट बोलल्यावर ती मोडायची नाही, एवढं ती पाळायची. चांगुणाबाईंनी हातात आलेला पेला मांडीवर धरून ठेवला, तोंडाला लावला नाही.

"बरं," साळूबाई म्हणाली. तांब्या घेऊन ती आत गेली. ताटली घोंगडीवर राहिली.

रंगनाथ कॅनकडे बघत होता. "ह्याच्यात पानी हुतं व्हय," तो म्हणाला आणि खांदा चोळू लागला.

भाऊसाहेबांनी मग सगळं समजावून सांगितलं. टंचाई, भार, पुरवणीतला लेख, बाहेरच्या देशांतली माणसं. रंगनाथ मान हलवत राहिला. खरं म्हणजे त्याच्यापर्यंत पहिल्या वाक्यानंतरचं काही पोचलंच नव्हतं.

दुपारी दीपानं पडवीच्या कोपऱ्यात स्टोव्ह पेटवला आणि खिचडी टाकली. आतून नागलीच्या भाकरीचा आणि कसल्या तरी रानभाजीचा वास येत होता. साळूबाईनं दारातून एकदा बघितलं आणि काही न विचारता परत आत गेली. दोन घरं एकाच छपराखाली वेगवेगळी जेवली. कॅनमधल्या पाण्याला तेलाचा वास येत होता, खिचडीलाही तोच आला.

जेवणं झाल्यावर रंगनाथ बैलांकडे जातो म्हणून गेला तो लवकर आलाच नाही. परत आला तेव्हा उन्हं उतरली होती. प्रज्ञानं धावत जाऊन विचारलं, "काका, काजवे कधी बघायला जायचं?"

"बगू," तो म्हणाला. मग भाऊसाहेबांकडे न बघता त्यानं सांगितलं, "सायेब, सकाळची पहिली गाडी हाय खालनं. तुमाला इथं आबाळच व्हायाची. लवकर निगालं तर ऊन लागत न्हाई."

आता मात्र भाऊसाहेबांना कळलं, काहीतरी बिनसलंय. तीन दिवस राहायचं ठरलेलं असताना यजमान पहिल्याच संध्याकाळी परतीची गाडी सांगतो, याचा दुसरा अर्थ होत नाही. ते अंगणाच्या कडेला जाऊन दगडावर बसले. खाली धरणाचं पाणी तांबूस झालं होतं. आपण कुणाचं काही घेतलं नाही, काही मागितलं नाही, काडी मोडली नाही, तरी हे असं का, हे त्यांना उमगेना. आणि राग आला नाही म्हणावं, तर थोडा आलाही. एवढं ओझं वाहून आणलं ते कुणासाठी?

चांगुणाबाई हळूहळू चालत आल्या आणि शेजारच्या दगडावर टेकल्या. इतका वेळ त्या आत साळूबाईजवळ बसल्या होत्या.

"ती रडत हुती," त्या म्हणाल्या.

"कोण? वहिनी?"

"मला इचारत हुती, आजी, आमच्या पान्यात काय खोट हाय का? पहाटंच्या आंदारात गेल्ती झिऱ्यावर, दुसऱ्या बाया यायच्या आदी, म्हंजी निवळ घावंल म्हून. लुगड्याच्या पदरातनं गाळून भरलंय तिनं. माठ राजूरच्या बाजारातनं नवा आनलाय, तुमच्यासाठी."

भाऊसाहेबांची नजर ओट्यावरच्या लाल माठाकडे गेली.

"अन् रंगनाथ तिला काय बोलला ठावं हाय? म्हनला, खाली कांदं काढाया जातो तवा बागायतदार बांधावरनं पानी वततो आमाला, आमी गप पितो. पर ह्या सायबाचं तसं न्हाई वाटलं हुतं."

"आई, मी त्यांच्या भल्यासाठी केलं. तुला माहीत आहे."

"मला ठावं हाय. तिला कुठनं ठावं?" चांगुणाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तुज्या जल्माआदीची गोष्ट सांगते. म्या नवी नवरी हुते. आपल्या वस्तीत मोजनीदार आल्ता, वावरं मोजाया. उन्हाचा उबा ऱ्हायला आपल्याच दारापुडं. मला काय कळतंय? म्या भांडं घासलं, पदराखाली झाकून पानी नेलं. त्यो म्हनला, नको बाई, आमचं आमी आनलंय. त्याच्या शिपायाच्या खांद्याला पान्याची छागल हुती. सासू मागनं लई बोलली मला. पर त्यो मानूस वंगाळ न्हवता बरं का. हसून म्हनला हुता."

तांबूस पाण्यावरून एक बगळा सावकाश पलीकडं गेला. भाऊसाहेबांना अंगभर लाज वाटली. त्यांनी प्रज्ञाला हसून म्हणायला शिकवलं होतं.

"तू तेव्हाच का नाही बोललीस? केडगावातच?"

"बोलले की. तू ऐकलं का?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "भाऊ, तू नळ घेतलास तवा मला लई बरं वाटलं. कुनाम्होरं हात पसरायचं सपलं. पर त्येला लई वरसं झाली. आता कुनी मायेनं दिलं तर घ्यावं की रं. ज्याच्या घरचं पानी कुनी पीत न्हाई, त्याला काय वाटतं, ह्ये आपल्याला दुसऱ्यानं सांगायाचं व्हय?"

भाऊसाहेब उठले. अंगण ओलांडायला कितीसा वेळ लागतो, पण ते मध्येच दोनदा थांबले. माफी मागायला त्यांना काही वाटलं नसतं. कचेरीत कितीतरी गावकऱ्यांपुढे त्यांनी हात जोडले होते. पण इथं नुसत्या माफीनं भागणार नव्हतं. इथं पाणी मागावं लागणार होतं. आणि पाणी मागणं, दारात उभं राहून तोंडानं मागणं, हे त्यांनी मोठं झाल्यापासून एकदाही केलं नव्हतं. उन्हातान्हात खेड्यापाड्यांत फिरताना घसा सुकला तरी ते वाट बघायचे, कुणी आपण होऊन दिलं तर घ्यायचे, नाहीतर तसेच पुढे जायचे.

दार उघडं होतं. आत चुलीच्या उजेडात साळूबाई पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. रंगनाथ भिंतीला टेकून बसला होता. पडवीतून दीपा आणि प्रज्ञा बघत होत्या. भाऊसाहेब उंबऱ्याबाहेर थांबले.

"वहिनी," ते म्हणाले. "पाणी देता का? तहान लागलीय."

साळूबाईनं वळून पाहिलं. तिनं क्षणभर नवऱ्याकडे बघितलं. रंगनाथ भिंतीचा टेकू सोडून ताठ बसला. ती उठली, बाहेर ओट्यावर आली, माठावरचं फडकं बाजूला केलं. दुपारपासून झाकून ठेवलेल्या माठात पुन्हा तांब्या बुडाला. तो भरून घेऊन ती भाऊसाहेबांपुढे आली आणि एकदम थांबली.

भाऊसाहेब कमरेत वाकले होते. दोन्ही हातांची ओंजळ करून त्यांनी ती तोंडाशी धरली होती. आपण काय करतोय, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. पाणी मागितल्यावर त्यांच्या हातांना जेवढं माहीत होतं, तेवढं हातांनी केलं होतं. दगडावर बसलेल्या चांगुणाबाईंनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

साळूबाईला समजायला वेळ लागला नाही. दर उन्हाळ्यात कांद्याच्या वावरात तिनंही अशीच ओंजळ धरली होती.

"सायेब," ती म्हणाली, "सरळ व्हा. ह्या घरात कुनाला वरनं वतत न्हाईत." आणि तिनं तो पितळी तांब्या त्यांच्या हातांत ठेवला.

तांब्या गार होता आणि जड होता. भाऊसाहेब उंबऱ्यावरच बसले आणि प्यायले. पाण्याला मातीचा, नव्या माठाचा वास होता. डोळ्यांतून काय येत होतं आणि सदऱ्यावर काय सांडत होतं, याचा त्यांनी हिशेब ठेवला नाही.

"मला दुपारीच घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं. तुमचं पाणी संपेल एवढंच डोक्यात होतं. तुम्हाला विचारायचं राहून गेलं."

"मला इचारलं असतं तर सांगितलं असतं," साळूबाई म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता, पण त्यात आता घरधनिणीची धार आली होती. "तुमच्या त्या कॅनाला तेलाचा वास मारतोय, पोरीनं काय म्हून प्यावं त्ये? त्ये वता रांजनात. भांडी व्हतील, हातपाय व्हतील, उंद्याची माजी एक खेप वाचंल. पिनार मातूर ह्याच माठातलं. अन् रातच्याला तो स्टो पेटवायचा न्हाई."

"बरं," दीपा पडवीतून पटकन म्हणाली. ती आणि प्रज्ञा कधीच माठाजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. प्रज्ञानं कुणी न शिकवता पेला पुढे केला.

रंगनाथ बाहेर आला. त्यानं एक कॅन उचलला आणि मोरीजवळच्या रांजणात उपडा केला. पाणी घळघळत आत गेलं. "खांदा मोडला माजा ह्या पान्यापायी," तो म्हणाला. "आता जेवान करू अन् मंग काजवं. सकाळची गाडी ऱ्हाऊ द्या."

भाऊसाहेबांच्या हातातला तांब्या रिकामा झाला होता. तो खाली ठेवून उठायला हवं होतं. वाडीचा झरा, बायांच्या रांगा, माठात किती उरलं असेल, सगळं त्यांना दिसत होतं. त्याच टेबलावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांनी तांब्या साळूबाईपुढे धरला.

"अजून थोडं द्या," ते म्हणाले.

साळूबाई दुपारपासून पहिल्यांदा हसली आणि माठाकडे वळली.